दंडावरच्या पट्टीची गोष्ट

फुकट काम करणाऱ्या माणसाला काही हक्क असतात का? आणि फुकट करतोय म्हणून त्याला कुणी जाबच विचारायचा नाही का? दीडशे वर्षांपूर्वी या दोन्ही प्रश्नांना भिडलेल्या आणि त्यात स्वतः पार होरपळून निघालेल्या हेन्री ड्युनंटची ही गोष्ट.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी व्हॉलंटिअरचं कार्ड गळ्यात घातलं असेल. कॉलेजच्या फेस्टमध्ये, रक्तदान शिबिरात, मॅरेथॉनमध्ये पाण्याच्या बाटल्या वाटताना, नाहीतर विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करताना. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण कधीकधी काय होतं ते तुम्हाला माहितीये. सकाळी उत्साह ओसंडून वाहत असतो. थोड्या वेळानं कळतं की आपण नेमकं काय करायचंय ते कुणालाच माहीत नाही. विचारायचं कुणाला, जेवण कुठे, सुटायचं कधी, रात्री उशीर झाला तर मुलींनी घरी जायचं कसं, काहीच ठरलेलं नसतं. दुपारपर्यंत निम्मी मंडळी गायब. संस्थावाले म्हणतात, आजकालच्या पोरांना जबाबदारीची जाणीवच नाही. पोरं म्हणतात, आम्ही काय फुकटात राबायला आलोय?

दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. आणि हे भांडण आजचं नाहीच मुळी. स्वयंसेवकांचं काय करायचं, त्यांना काय द्यायचं आणि त्यांच्याकडून काय घ्यायचं, हे पहिल्यांदा नीट कागदावर उतरलं ते १८६३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात. त्या कागदामागे जो माणूस होता त्याला आपण शाळेत एका ओळीत शिकलोय. रेडक्रॉसचा संस्थापक कोण? हेन्री ड्युनंट. एक मार्क. विषय संपला.

पण त्या एका मार्काच्या मागे जे आयुष्य आहे ना, ते एखाद्या संस्थेत मनापासून काम करणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी वाचावं असं आहे.

मार्कात कच्चा, माणसांत पक्का

हेन्रीचा जन्म ८ मे १८२८ चा. घर जिनिव्हातलं, खाऊनपिऊन सुखी आणि धार्मिक. वडील अनाथ मुलांसाठी आणि तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांसाठी काम करायचे, आई गरीब आणि आजारी लोकांची विचारपूस करायची. म्हणजे समाजसेवा हा शब्द त्याला कुणी शिकवावा लागला नाही, तो घरात बघतच मोठा झाला.

अभ्यासात मात्र गडी यथातथाच. मार्क इतके कमी पडले की शाळा अर्धवट सोडावी लागली आणि तो एका बँकेत उमेदवारी करायला लागला. पण सुट्टीचा वेळ त्याचा वेगळाच जायचा. अठराव्या वर्षापासून तो गरिबांना मदत करणाऱ्या मंडळात होता, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचा. पुढे १८५२ मध्ये त्यानं मित्रांना जमवून जिनिव्हात वायएमसीए ही तरुणांची संघटना सुरू केली. लोक जमवणं, पत्रं लिहिणं, एका गावातल्या गटाला दुसऱ्या गावातल्या गटाशी जोडणं, हे त्याला भारी जमायचं. तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असतोच. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात आणि तो कुणालाही कशालाही तयार करतो. हेन्री तसला.

पोटापाण्यासाठी त्यानं धंदा काढला. फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात जमीन घेतली, पिठाची गिरणी उभारली. पण जमिनीची आणि पाण्याच्या हक्काची परवानगी काही केल्या मिळेना. सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून कंटाळल्यावर त्यानं ठरवलं की, थेट फ्रान्सच्या सम्राटालाच गाठायचं. तिसरा नेपोलियन त्या वेळी इटलीच्या उत्तरेला ऑस्ट्रियाशी लढत होता. हेन्रीनं सम्राटाची स्तुती करणारं एक पुस्तक छापून घेतलं आणि ते घेऊन निघाला.

थोडक्यात, साहेब निघाले होते स्वतःची फाइल पुढे सरकवायला.

पांढऱ्या कपड्यांतला माणूस

२४ जून १८५९. सोल्फेरिनो गावाच्या आसपास त्या दिवशी दोन्हीकडचे मिळून तीन लाखांच्या आसपास सैनिक लढले. संध्याकाळी लढाई संपली तेव्हा मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा चाळीस हजारांच्या घरात होता. हेन्री त्याच संध्याकाळी जवळच्या कास्तिल्योने गावात पोचला. गावात जखमींचे तांडे येत होते. चर्च, घरं, रस्ते, सगळं भरलेलं. गावातल्या मोठ्या चर्चमध्ये सुमारे पाचशे जखमी एकमेकांना खेटून पडले होते.

हेन्री डॉक्टर नव्हता. त्याला बँडेज बांधायचंही शिक्षण नव्हतं. अंगावर होते प्रवासाचे पांढरे कपडे. तो तसाच आत शिरला आणि कामाला लागला.

तिथे त्याच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गावात पाणी होतं, तरी माणसं तहानेनं मरत होती. खायला होतं, तरी उपाशी मरत होती. जखमा बांधायला कापडाच्या पट्ट्या होत्या, पण बांधायला हात नव्हते. कमी पडत होती ती माणसं. आणि जी होती त्यांना कुणी कुठे उभं करत नव्हतं.

मग त्यानं जे काम त्याला येत होतं ते केलं. माणसं जमवली. गावातल्या बायका आणि मुली पुढे आल्या. पोरं बादल्या घेऊन कारंज्यावरून पाणी आणायला लागली. फिरायला आलेले प्रवासी, एक पत्रकार, एक स्विस व्यापारी, जो दिसला त्याला त्यानं कामाला लावलं. तो व्यापारी दोन दिवस जखमा बांधत आणि मरणाऱ्या सैनिकांची घरच्यांना निरोपाची पत्रं लिहीत बसला होता. हेन्रीनं आपल्या गाडीवानाला ब्रेशा शहरात पाठवून शर्ट, लिंबं, साखर, तंबाखू असलं सामान स्वतःच्या पैशानं मागवलं. कैद झालेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना जखमींवर उपचार करायला सोडावं, यासाठीही खटपट केली.

गावातल्या बायकांनी तर एक मोठीच गोष्ट करून दाखवली. समोरचा सैनिक फ्रेंच की ऑस्ट्रियन, आपल्या बाजूचा की शत्रूचा, हे त्यांनी बघितलंच नाही. सगळे आपले भाऊच, असं म्हणून सगळ्यांना सारखं पाणी पाजलं. पुढे रेडक्रॉसचं जे सगळ्यात मोठं तत्त्व झालं ते या बायकांकडून आलं, हे लक्षात ठेवा. त्यांच्या गळ्यात कुठलं कार्ड नव्हतं.

उत्साह किती दिवस पुरतो?

इथवरची गोष्ट प्रेरणादायी भाषणात बसते. पण हेन्रीचं वेगळेपण त्याच्या पुढचं आहे.

त्यानं हेही पाहिलं की, पहिल्या दोन-तीन दिवसांचा उत्साह हळूहळू ओसरला. बायका थकल्या. बघायला आलेले लोक ते दृश्य सहन न होऊन निघून गेले. ज्यांची इच्छा होती त्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते हातावर मोजण्याइतके. यात दोष कुणाचा? थकलेल्या बाईचा तर नक्कीच नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं, तिच्या जेवणाची सोय कुणी केली नव्हती.

घरी परतल्यावरही ते चर्च त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं सोल्फेरिनोच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि १८६२ मध्ये स्वखर्चानं त्याच्या १,६०० प्रती छापल्या. विक्रीसाठी नाही, वाटण्यासाठी. युरोपातल्या राजेरजवाड्यांना, मंत्र्यांना, सेनापतींना त्यानं त्या पाठवल्या. पुस्तकाच्या शेवटी त्यानं दोन गोष्टी मांडल्या. एक, प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांच्या संस्था तयार कराव्यात आणि त्यांना आधीपासून शिकवून ठेवावं. दुसरी, जखमींना आणि त्यांच्या मदतीला येणाऱ्यांना संरक्षण मिळेल, असा काहीतरी करार देशादेशांनी आपसात करावा.

म्हणजे बघा, चांगुलपणा कमी पडतोय अशी त्याची तक्रारच नव्हती. चांगुलपणा भरपूर आहे, तो वाया जातोय, हे त्याचं म्हणणं होतं.

पाच जण आणि दहा ठराव

पुस्तक जिनिव्हातल्या ग्युस्ताव्ह म्वान्ये या वकिलाच्या हातात पडलं. म्वान्ये शहरातल्या लोककल्याण मंडळाचा अध्यक्ष. शिस्तीचा, नियमांचा, कामाला वाघ. त्यानं विषय मंडळापुढे ठेवला आणि पाच जणांची समिती बनली. म्वान्ये, जनरल द्युफूर, डॉ. आपिया, डॉ. मोन्वार आणि सेक्रेटरी म्हणून हेन्री. पहिली बैठक झाली १७ फेब्रुवारी १८६३ ला. आजच्या रेडक्रॉसचं बारसं म्हणजे ही बैठक.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या पाच जणांनी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. ३६ जण आले. तिथे दहा ठराव पास झाले. ते ठराव आज वाचले तर नवल वाटतं. व्हॉलंटिअरबद्दल जे प्रश्न तुम्हाला पडतात ते त्यांनाही पडले होते आणि त्यांनी उत्तरं लिहून ठेवलीत.

स्वयंसेवकांना शांततेच्या काळात शिकवून तयार करायचं, ही जबाबदारी संस्थेची. ऐनवेळी ढकलून द्यायचं नाही. सैन्याबरोबर गेलेल्या स्वयंसेवकांचं खाणंपिणं, राहणं, लागेल ते सगळं पुरवायचं तेही संस्थेनंच. तो पगार घेत नाही म्हणून स्वतःच्या खिशातून खर्च करेल, असं गृहीत धरायचं नाही. आणि त्याची ओळख पटावी म्हणून सगळ्या देशांत एकच खूण. दंडावर पांढरी पट्टी, तिच्यावर लाल क्रॉस.

हे झाले हक्क. पण त्याच कागदावर दुसरी बाजूही आहे. स्वयंसेवकानं लष्करानं बोलावल्यावर किंवा लष्कराच्या संमतीनंच रणांगणावर जायचं, आणि तिथे गेल्यावर लष्करी अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली काम करायचं. मी माझ्या मनानं आलोय, मला वाटेल ते करीन, हे चालणार नाही.

या कल्पनेला विरोधही झाला, आणि तो कुण्या ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः विरोधात होती. तिचं म्हणणं असं की, जखमी सैनिकांची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. स्वयंसेवक ते फुकटात करायला लागले तर सरकार हात वर करून मोकळं होईल. हा मुद्दा आजही तितकाच धारदार आहे. जिथे पगारी माणूस नेमायला हवा तिथे व्हॉलंटिअर उभे करून पैसे वाचवणाऱ्या संस्था तुम्ही बघितल्या नसतील तर पुढे बघाल. तेव्हा नाइटिंगेलबाईंची आठवण ठेवा.

बर्लिनमधलं पत्रक

आता गोष्टीतला अवघड भाग.

ऑक्टोबरच्या परिषदेआधी, सप्टेंबरमध्ये, बर्लिनला संख्याशास्त्रज्ञांची एक मोठी परिषद होती. हेन्री तिथे गेला. त्याच्या पुस्तकाचा डच अनुवाद करणारा लष्करी डॉक्टर बास्टिंग त्याला तिथे भेटला. दोघांनी मिळून एक पत्रक काढलं. जखमी, डॉक्टर आणि स्वयंसेवक या सगळ्यांना युद्धात तटस्थ मानावं, त्यांच्यावर कुणी हल्ला करू नये, अशी मागणी त्यात होती. आणि पत्रक काढलं जिनिव्हाच्या समितीच्या नावानं.

समितीला न विचारता.

म्वान्ये भडकला. त्याच्या मते ही मागणी अशक्य होती. सरकारं बिचकली तर परिषदच बुडेल, ही त्याची भीती. आणि मुळात, पाच जणांच्या नावानं एकानं परस्पर कसं काय लिहिलं?

तुम्ही कुणाच्या बाजूनं? घाई करू नका. मागणी हेन्रीची बरोबर होती, हे पुढे सिद्ध झालं. ऑक्टोबरच्या परिषदेत ती मांडली गेली आणि शिफारस म्हणून मान्यही झाली. २२ ऑगस्ट १८६४ ला बारा देशांनी सही केलेल्या पहिल्या जिनिव्हा कराराचा गाभा तीच कल्पना आहे. पण संस्थेचं नाव संस्थेला न विचारता वापरणं चूक होतं, हेही तितकंच खरं. कल्पना बरोबर निघाली म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. तुमच्या ग्रुपच्या पेजवरून कुणी परस्पर भूमिका जाहीर केली आणि शिव्या सगळ्यांनी खाल्ल्या, असं कधी झालं असेल तर म्वान्येचा संताप तुम्हाला लगेच कळेल.

तिथून दोघांचं जे बिनसलं ते कायमचं. १८६४ च्या परिषदेत, ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्या हेन्रीकडे काम काय होतं? पाहुण्यांच्या राहण्याची आणि करमणुकीची व्यवस्था.

आणखी एक गंमत बघा. त्या पहिल्या करारात डॉक्टरांना संरक्षण होतं, जखमींना मदत करणाऱ्या गावकऱ्यांना होतं, पण स्वयंसेवकांच्या संस्थांचा साधा उल्लेखही नव्हता. तो व्हायला १९०६ साल उजाडलं. तेव्हा सरकारनं मान्य केलेल्या संस्थांच्या स्वयंसेवकांना लष्करी डॉक्टरांसारखंच संरक्षण मिळालं, पण लष्करी कायदे पाळण्याच्या अटीवर. हक्क आणि जबाबदारी एकाच वाक्यात आली ती अशी, ४२ वर्षांनी.

पद गेलं, मग नावही गेलं

या सगळ्या धावपळीत अल्जीरियातल्या गिरणीकडे बघायला हेन्रीला वेळ कुठे होता? धंदा बुडत गेला. तो ज्या बँकेशी जोडलेला होता ती १८६७ मध्ये कोसळली. त्याचं दिवाळं निघालं. कर्जाचा आकडा दहा लाख फ्रँकच्या आसपास गेला. त्यात त्याच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचेही पैसे होते. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या कोर्टानं फसवणुकीचा ठपका ठेवला.

त्यानं सेक्रेटरीपद सोडलं. समितीनं त्याला सदस्यत्वावरूनही काढून टाकलं. वायएमसीएनंही दार बंद केलं. तो जिनिव्हा सोडून गेला आणि परत कधीच आला नाही.

इथे जरा थांबून विचार करा. ज्याच्यावर कोर्टानं ठपका ठेवलाय त्याला पदावर ठेवावं का? नाही. लोकांच्या पैशावर आणि विश्वासावर चालणाऱ्या संस्थेनं त्याला दूर केलं यात चूक काढता येत नाही. पण पुढे जे झालं ते वेगळं आहे. पद काढल्यानंतर हळूहळू त्याचं नावही मागे पडलं. रेडक्रॉस देशोदेशी वाढत होती, म्वान्ये तिचा अध्यक्ष म्हणून मानसन्मान घेत होता, आणि ती सुरू करणारा माणूस जिवंत आहे की मेलाय हेही पुष्कळांना माहीत नव्हतं.

पॅरिसमध्ये १८७०-७१ च्या युद्धातही तो मदतकार्यात होताच. पुढे युद्धकैद्यांसाठी खटपट केली. पण स्वतःचे हाल कुत्रं खाईना. पावाच्या तुकड्यावर दिवस काढले. कोटाचा रंग उडाला की त्यावर शाई फासायची, कॉलर मळली की खडू घासायचा. कधी कधी रात्र बाकावर. लाखो जखमींना आसरा मिळावा म्हणून झटलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर नव्हतं.

म्वान्येला मात्र खलनायक करू नका. हा माणूस १८६४ पासून १९१० मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तब्बल ४६ वर्षं, त्या संस्थेचा अध्यक्ष होता. नियम बनवणं, बैठका घेणं, देशोदेशीच्या शाखा बांधून ठेवणं, हे न दिसणारं काम त्यानं केलं. हेन्री नसता तर रेडक्रॉस सुरू झाली नसती आणि म्वान्ये नसता तर ती बहुधा टिकली नसती. एकाकडे आग होती, दुसऱ्याकडे चूल. दोघांनी एकमेकांना तसं कधी म्हटलं नाही, एवढंच.

हायडनची खोली

१८८७ मध्ये, साठीला टेकलेला, आजारी हेन्री पूर्व स्वित्झर्लंडमधल्या हायडन या डोंगरावरच्या गावी आला. तिथला डॉक्टर, तिथला एक शिक्षक आणि त्याची बायको यांनी त्याला आधार दिला. १८९० मध्ये त्या एवढ्याशा गावात रेडक्रॉसची शाखा निघाली आणि तिनं हेन्रीला मानद अध्यक्ष केलं. मुख्य संस्थेनं जे केलं नव्हतं ते एका खेडेगावच्या शाखेनं केलं. १८९२ पासून तो गावच्या दवाखान्यातल्या एका खोलीत राहायला लागला. पुढची अठरा वर्षं तीच खोली.

१८९५ मध्ये एक पत्रकार त्याला शोधत आला. त्याचा लेख छापून आला आणि युरोपभर खळबळ उडाली. अरे, हा माणूस अजून आहे! पत्रं यायला लागली, मदत यायला लागली. १९०१ मध्ये पहिलंवहिलं शांततेचं नोबेल जाहीर झालं ते फ्रेंच शांततावादी फ्रेडरिक पासी आणि हेन्री ड्युनंट यांना मिळून. जिनिव्हाच्या समितीनंही अभिनंदन कळवलं. तीसहून जास्त वर्षांनी.

नोबेलचे पैसे त्यानं खर्चच केले नाहीत. ज्यांचं देणं होतं ते येऊन पैसे उचलतील ही भीती होती म्हणून ते नॉर्वेतल्या बँकेत ठेवले होते. आपल्यामुळे लोकांचे पैसे बुडाले ही टोचणी आणि आपल्याला बदनाम केलं हा राग, दोन्ही शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलं. ३० ऑक्टोबर १९१० ला तो गेला. म्वान्ये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला होता. दोघांची दिलजमाई काही झाली नाही. अंत्यविधीचा कसलाही गाजावाजा नको असं हेन्रीनं सांगून ठेवलं होतं. मृत्युपत्रात त्यानं हायडनच्या दवाखान्यात गावातल्या गरिबांसाठी एक खाट कायम मोफत राहावी म्हणून पैसे ठेवले.

आता तुमच्याबद्दल

हेन्रीचा वाढदिवस, ८ मे, आज जगभर रेडक्रॉस दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० पासून आहे, अनेक कॉलेजांत यूथ रेडक्रॉसचं युनिट असतं. १९६५ मध्ये व्हिएन्नात रेडक्रॉसची जी सात मूलतत्त्वं ठरली त्यात स्वयंसेवा हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेल्या एनएसएसमध्येही तुम्ही दोन वर्षांत २४० तास देता. ते तास तुमच्या आयुष्यातले आहेत. ते कुठे जातात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि एकदा देतो म्हटल्यावर ते नीट देणं ही तुमची जबाबदारी आहे.

हेन्रीच्या गोष्टीतून मला समजलं ते असं. पैसे घेत नाही म्हणून माणूस संस्थेवर उपकार करत नसतो, आणि पैसे देत नाही म्हणून संस्थेला त्याला कसंही वागवायची मुभा नसते. दोघांमध्ये एक करार असतो. तो लिहिलेला असला तर बरं, नसला तरी असतोच. कास्तिल्योनेच्या बायका थकून घरी गेल्या तेव्हा त्यांच्या बाजूनं तो करार पाळायला तिथे कुणी संस्थाच नव्हती. आज संस्था आहेत. मग प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

व्हॉलंटिअर म्हणून हे मागा

* काम नेमकं काय, किती तास आणि कुणाला विचारायचं, हे आधी सांगितलं पाहिजे.
* जे काम येत नाही ते शिकवलं पाहिजे. न शिकवता जखमीजवळ, गर्दीत किंवा पुराच्या पाण्यात कुणी उभं करत असेल तर नाही म्हणा.
* प्रवास, जेवण, पाणी, सुरक्षित परतीची सोय ही मेहेरबानी नाही. १८६३ च्या ठरावात ती संस्थेची जबाबदारी आहे.
* थकलात तर बदली माणूस मागा. विश्रांती मागणं म्हणजे पळून जाणं नाही.
* केलेल्या कामाची नोंद आणि श्रेय मिळालं पाहिजे. नंतर मतभेद झाले तरीही.

आणि हे पाळा

* हो म्हणालात की वेळेवर या. येणार नसाल तर आधी कळवा. तुमच्या भरवशावर कुणीतरी थांबलेलं असतं.
* संस्थेचं नाव, लोगो, पेज परस्पर वापरू नका. पटत नसेल तर बैठकीत बोला, तिथे भांडा.
* समोरचा आपला की परका हे बघून मदत करू नका.
* संस्थेच्या पैशाचा हिशेब त्याच दिवशी लिहा. हिशेबातला गोंधळ चांगल्या कामालाही खाली ओढतो.
* लाल क्रॉसची खूण शोभेची नाही. फर्स्ट एडच्या टेबलावर ती हौसेनं रंगवू नका. परवानगीशिवाय ती वापरणं आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार गुन्हा आहे.
* स्वतःच्या अभ्यासाकडे, पोटापाण्याकडे आणि घराकडे लक्ष ठेवा. गिरणी बुडवून केलेली सेवा फार दिवस चालत नाही.
* सोडायचं असेल तर सांगून सोडा, काम कुणाच्या तरी हातात देऊन सोडा. सोडण्याचा हक्क तुम्हाला आहेच.